रिकामी गाडी

तीन वेळा तिने ती गाडी माझ्याकडे आणली,
तिन्ही वेळा माझ्या दारात
पहिल्या किल्लीला सुरू झाली.
वैद्य दिसला की दुखणं पळतं, तसं.

अठ्ठ्याऐंशी सालचा फोर्ड पिकअप.
तांबडा रंग उन्हाने खाल्लेला,
डावं दार फक्त बाहेरूनच उघडणारं.
मालकीण ग्रासियाना इचेव्हेरी.
आजोबा बास्क, दुसऱ्यांची मेंढरं राखणारे;
नातीची स्वतःची सहाशे.
नेवाडाच्या या ओसाड टोकाला
चाळीस मैल खुरट्या झुडपांतून हाकत यायची.

"स्टार्टर फिरतो, फिरतच राहतो,
पेट्रोल काही पोचत नाही."
कधी? गरम असताना? टाकी अर्धी असताना?
"तिच्या मनात येईल तेव्हा."

पहिल्यांदा रिले बदलला. अकरा डॉलर.
दुसऱ्यांदा फिल्टर.
आदळआपट झाली की पंप तोडणारा स्विच असतो एक,
पलीकडच्या सीटच्या पायाशी दडलेला,
तोही पाहिला. ठाकठीक.
इंजिनाला गेज लावून सबंध दुपार बसलो,
काटा पस्तिसावर, जागचा हलेना.
किल्ली अर्धी फिरवली की मागे टाकीत
दोन सेकंद घूंऽऽ, मग गप्प.
इतकं शहाण्यासारखं
की मीच खोटा पडत होतो.

तिसऱ्यांदा टाकी उतरवली, पंपच बदलला.
दोनशे चाळीस, मजुरी वेगळी.
पुरावा नव्हता.
वय झालंय म्हणालो पंपाचं.
मी स्वतः बहात्तरचा आहे.

नवव्या दिवशी फोन:
"पोस्टासमोर उभी आहे. तीन वाजल्यापासून."

मग तिला वही दिली. बंद पडेल तेव्हा लिही, म्हटलं.
पेन्सिलीने, शब्दांना पैसे पडत असल्यासारखं तिने लिहिलं:
मंगळवार. पोस्ट. नाही.
बुधवार. पाणवठा. हो.
शनिवार. चर्च. हो. पाद्री बघत होता.
मंगळवार. पोस्ट. नाही.
मी पोस्टासमोरचा चढ मोजून आलो.
चढ नव्हताच.

नोव्हेंबरात एकदा ती नुसती टायरात हवा भरायला थांबली.
मागे मिठाच्या तीस लाद्या, वर गवताचे भारे.
हवा भरली. किल्ली फिरवली.
मागून काहीच नाही.
मी हातातला पाना खाली ठेवला, आवाज न करता.

"थांब, लाद्या उतरवते," ती म्हणाली.
का?
"तुझ्याकडे आणताना नेहमी उतरवूनच आणते.
तुला खाली झोपावं लागतं ना."

मंगळवारी ती आधी दुकानात जाते, मिठासाठी.
मग पोस्टात.

उतरवू नकोस, म्हटलं, एकही उतरवू नकोस,
आणि गेलो खाली, पाठीला गार सिमेंट,
नाकापासून चार बोटांवर दीड हजार पौंड मीठ.
ओझ्याने चासी लवलेली, वायरींचा जुडगा ताणलेला,
आणि पट्टीपाशी ती काळी, अर्थिंगची,
वरून धडधाकट, कातडीखाली हिरवी पडलेली.
आतल्या तारा नखाएवढ्या दूर झालेल्या.
अंगठ्याने दाबली.
घूंऽऽ.
वर कॅबमध्ये ती बास्कमध्ये काहीतरी म्हणाली,
देवाला किंवा मला.

दोन इंच वायर लागली, एक टोपण.
त्याचे पैसे घेतले नाहीत. वर
दोनशे चाळीस परत केले.
तिने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"आणि मजुरी?" म्हणाली.
तीही दिली.

जुना पंप अजून बाकावर आहे, कापडावर.
रात्री शटर ओढायच्या आधी
त्याला बॅटरीच्या दोन तारा लावून पाहिल्या.
लागलीच बोलला.
दोन सेकंदांनी थांबला नाही,
थांब म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.
शेवटी मीच तार काढली.